कुतूहलाचे भांडवल आणि औषधाची किंमत

ऑक्टोबर २०१८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो या दोन संशोधकांना विभागून जाहीर झाले, तेव्हा जगभर त्याचे स्वागत कर्करोगाविरुद्ध हाती आलेल्या नव्या अस्त्राचा गौरव म्हणून झाले. ते स्वागत अनाठायी नव्हते. परंतु त्याच प्रसंगी खुद्द ॲलिसन यांनी जे सांगितले, ते अधिक विचार करावयास लावणारे होते. कर्करोग बरा करावा म्हणून आपण या वाटेला लागलोच नव्हतो. शरीरातील ‘टी’ पेशी काम कशा करतात एवढेच आपल्याला समजून घ्यावयाचे होते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. हा केवळ विनय नव्हे. त्यात अर्थशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. समाजाला उद्या ज्या ज्ञानाची निकड भासणार आहे, ते आज त्याची निकड कोणालाही जाणवत नसताना मिळवून ठेवावे लागते. त्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यावयाचा, किती वर्षे द्यावयाचा, आणि झाडाला फळ धरल्यावर त्यावर हक्क कोणाचा? ॲलिसन यांची सुमारे चार दशकांची वाटचाल हा या प्रश्नाचा एक चालताबोलता ताळेबंदच आहे. तो नीट वाचला, तर त्यातील काही नोंदी आपल्यालाही लागू पडतात, हे ध्यानात येईल.

एक प्रश्न, अनेक वर्षे

ॲलिसन यांचा जन्म १९४८ मध्ये टेक्सास राज्यातील ॲलिस या लहानशा गावी झाला. वडील गावात वैद्यकीय व्यवसाय करीत. शाळकरी वयातच लिम्फोमा या कर्करोगाने आई गेली; पुढे दोन मामा आणि २००५ मध्ये एक भाऊही याच रोगाच्या कुळीतील आजारांनी गेले. शाळेतील जीवशास्त्राच्या वर्गात डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवीत नाहीत, म्हणून या विद्यार्थ्याने त्या वर्गात बसण्यास नकार दिला आणि विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षणक्रमातून तो विषय पुरा केला. टेक्सास विद्यापीठातून १९६९ मध्ये पदवी आणि १९७३ मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स येथे काही वर्षे, असा त्यांच्या उमेदवारीचा काळ आहे.

डॉक्टरेटच्या दिवसांत त्यांच्या नजरेस एक गोष्ट आली. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या उंदरांना एका विशिष्ट विकराने बरे केल्यानंतर त्याच उंदरांच्या शरीरात पुन्हा कर्कपेशी टोचल्या, तर त्या रुजतच नव्हत्या. एकदा शत्रूशी गाठ पडली की शरीर त्याची ओळख विसरत नाही, असा याचा अर्थ होता. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करावे ही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांना जंतू टोचून तसे प्रयोग केले होते. काही रुग्णांच्या गाठी विरल्या, काहींच्या नाही, आणि असे का होते हे कोणालाच सांगता आले नाही. कारण कळल्याशिवाय केलेला उपचार हा अखेर नशिबाचा खेळ राहतो. किरणोपचार आणि पुढे रासायनिक औषधे यांची चलती झाली, तसे कोलींचे काम मागे पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रतिकारशक्तीने कर्करोग हटविण्याची भाषा करणाऱ्याकडे शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात थोडे संशयानेच पाहिले जाई.

१९७७ मध्ये ॲलिसन टेक्सासमधील स्मिथव्हिल येथे, एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या नव्या प्रयोगशाळेत आले. छाती आणि गळा यांच्या संधीवर असणाऱ्या थायमस या ग्रंथीचे प्रतिकारशक्तीतील कार्य जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले होते. तिथे परिपक्व होणाऱ्या ‘टी’ पेशी शरीरभर गस्त घालतात आणि परक्याला हुडकून ठार करतात, हे तोवर ठाऊक झाले होते. पण त्या परक्याला ओळखतात कशाने? पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनाने ही ओळख पटते, त्याचा माग ॲलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये काढला. त्यानंतर १९८५ मध्ये ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले.

लगामाचा शोध

ओळख पटली तरी ‘टी’ पेशी लगेच हल्ला करीत नाही, हे पुढे दिसून आले. घोड्यावर स्वार बसला म्हणून घोडा धावत नाही. टाच मारावी लागते. सीडी-२८ या नावाच्या रेणूमार्फत पेशीला दुसरा संकेत मिळतो आणि मगच ती चवताळून उठते, असे ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेने व इतरांनी १९९० च्या सुमारास सिद्ध केले. याच रेणूशी साम्य असलेला सीटीएलए-४ हा दुसरा रेणू फ्रान्समधील संशोधकांना १९८७ मध्येच सापडलेला होता. दोन्हींचे रूप सारखे, म्हणून कार्यही सारखेच असणार, म्हणजे हीसुद्धा एक टाचच असणार, असा समज प्रचलित झाला. ॲलिसन आणि त्यांचे विद्यार्थी मॅथ्यू क्रमेल यांनी, तसेच शिकागो येथे जेफ्री ब्लूस्टोन यांनी, स्वतंत्रपणे याच्या नेमके उलट दाखविले. सीटीएलए-४ ही टाच नसून लगाम आहे. पेशींचा आवेग आवरण्यासाठी शरीरानेच केलेली ती योजना आहे. हा रेणू जन्मतःच नसलेले उंदीर थोड्याच आठवड्यांत दगावतात, कारण त्यांच्या ‘टी’ पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतात, हेही १९९५ मध्ये सिद्ध झाले.

इतरांना या लगामात दुसऱ्या दिशेचा उपयोग दिसत होता. शरीर स्वतःवरच उलटते अशा रोगांत हा लगाम अधिक आवळता येईल काय, असा विचार ते करीत होते. ॲलिसन यांच्या मनात जुना प्रश्न होता: कर्करोगापुढे प्रतिकारशक्ती हतबल होते ती दुबळेपणामुळे, की कोणी लगाम खेचून धरल्यामुळे? १९९४ च्या अखेरीस, नाताळच्या सुटीच्या तोंडावर, डॅना लीच या सहकाऱ्याने अर्बुद असलेल्या उंदरांना सीटीएलए-४ ला अडवून धरणारे प्रतिपिंड टोचले. उंदीर बरे झाले. निकाल इतका अनपेक्षित होता, की लगेच तोच प्रयोग पुन्हा करण्यात आला, आणि कोणत्या पिंजऱ्यात कोणते इंजेक्शन दिले हे निरीक्षकाला कळू न देता तो केला गेला. सुरुवातीला दोन्ही गटांतील गाठी वाढत राहिल्या. नंतर एका गटातील गाठी थांबल्या, आक्रसल्या आणि नाहीशा झाल्या. हा निबंध १९९६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इथवरच्या वाटचालीत पैसा कोणाचा होता, याकडे लक्ष वेधावयास हवे. टेक्सास आणि कॅलिफोर्निया ही दोन्ही विद्यापीठे राज्यांच्या खर्चाने चालणारी आहेत. संशोधनाची अनुदाने मुख्यतः संघराज्याच्या तिजोरीतून येतात. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबर १९७१ मध्ये कर्करोगविषयक कायद्यावर सही केली आणि या कामाला वाहता निधी मिळू लागला. नफ्यासाठी चालणारी एकही संस्था या पहिल्या वीस-बावीस वर्षांत दिसत नाही. यात आश्चर्यही नाही. मूलभूत ज्ञानाची निर्मिती बाजारावर सोपविली, तर ती समाजाला हवी त्यापेक्षा कमीच होणार, हे केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये तर्कशुद्ध रीतीने मांडले होते. त्याची कारणे साधी आहेत. निष्पत्ती अनिश्चित असते. ज्ञान एकदा प्रकट झाले की ते इतरांनी वापरू नये असा बंदोबस्त करणे कठीण असते. आणि ज्याने खर्च केला त्याच्या पदरात लाभाचा अल्प अंशच पडतो. ‘टी’ पेशीवरचे प्रथिन कसे दिसते, या प्रश्नावर कोणता भागधारक आपले भांडवल वीस वर्षे अडकवून ठेवील?

दारोदार फिरलेले ज्ञान

उंदरांवरील यशानंतर तरी औषध कंपन्यांनी धाव घ्यावयास हवी होती. तसे घडले नाही. ॲलिसन सुमारे दोन वर्षे एकामागून एक कंपन्यांची दारे ठोठावीत होते. प्रतिकारशक्तीवर आधारलेले उपचार पूर्वी फसले होते, आणि कर्कपेशीवर नव्हे तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशीवर काम करणारे हे औषध कंपन्यांच्या नेहमीच्या चौकटीत बसत नव्हते. अखेर न्यू जर्सीतील मेडारेक्स या तुलनेने लहान कंपनीने हे काम अंगावर घेतले. मानवी प्रतिपिंडे तयार करणारे उंदीर तिच्यापाशी होते. त्यातून सिद्ध झालेले प्रतिपिंड पुढे इपिलिमुमॅब या नावाने ओळखले गेले. २००४ मध्ये ॲलिसन न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रात गेले, ते आपल्या शोधाच्या रुग्णांवरील चाचण्यांच्या जवळ राहावे या हेतूने.

या चाचण्यांच्या काळात एक प्रसंग घडला, तो मोजमापाच्या शास्त्राशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. रासायनिक औषध लागू पडले की नाही, हे ठरावीक आठवड्यांनंतर गाठ मोजून ठरविण्याची रीत होती. परंतु नव्या औषधाची चाल वेगळी होती. अनेक रुग्णांत गाठ आधी वाढलेली दिसे आणि नंतर ओसरू लागे. जुन्या मापाने मोजले असता औषध निरुपयोगी ठरत होते. तशाच प्रकारच्या दुसऱ्या एका प्रतिपिंडाची अखेरच्या टप्प्यातील चाचणी एका बलाढ्य कंपनीने २००८ मध्ये बंदही करून टाकली. मेडारेक्स आणि तिच्या भागीदारांनी मात्र निकष बदलला. गाठीची लांबीरुंदी न मोजता रुग्ण किती काळ जगतो हे मोजावयाचे ठरविले. पसरलेल्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ६७६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटात आयुर्मानाचा मध्यांक ६.४ महिने होता, तो इपिलिमुमॅब घेणाऱ्यांत १०.१ महिने भरला. या रोगात आयुष्य वाढविणारे औषध तोवर कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नव्हते. मार्च २०११ मध्ये अमेरिकी शासनाने त्याला मान्यता दिली.

मध्यांकातील फरक लहान वाटेल. पण सरासरी आणि मध्यांक यांच्या पोटात काय दडलेले असते, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. पुढे वेगवेगळ्या चाचण्यांतील १,८६१ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. तीत जगणाऱ्यांचा आलेख तीन वर्षांच्या सुमारास पाचव्या हिश्शापाशी, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांवर, येऊन सपाट झालेला आढळला. याचा अर्थ असा, की जे तीन वर्षे तरले त्यांतील बहुतेक पुढेही तरत राहिले. त्याच वेळी हेही विसरता कामा नये, की पाचांपैकी चौघांना हा दीर्घ लाभ मिळाला नाही, आणि लगाम सैल झालेल्या पेशी आतडी, यकृत, अंतःस्रावी ग्रंथी यांच्यावर उलटल्याने अनेकांना गंभीर त्रास सोसावा लागला. हे औषध चमत्कार नव्हे. पण पूर्वी जेथे काहीच नव्हते तेथे ते काहीतरी ठोस आहे.

किमतीचे गणित

२००९ मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीने मेडारेक्स सुमारे २४० कोटी डॉलरना विकत घेतली. दोन वर्षांनी औषध बाजारात आले, तेव्हा चार मात्रांच्या पूर्ण उपचाराची किंमत होती १ लाख २० हजार डॉलर. ज्ञानाचा पाया करदात्याने घातला आणि त्यावरच्या इमारतीचे भाडे त्यालाच पुन्हा भरावे लागले, असा आरोप अमेरिकेतही झाला आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

औषध कंपन्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता दीर्घ आणि खर्चाचा असतो. मेडारेक्सने जो धोका पत्करला तो इतरांनी नाकारला होता. एक यशस्वी औषध फसलेल्या अनेक औषधांचा खर्च भरून काढीत असते. हे सर्व खरे आहे, आणि धोक्याला मोबदला असावा हेही मान्य. परंतु मोबदला किती, हे ठरते कशावरून? औषधाची किंमत त्याच्या खर्चावरून ठरत असती, तर तिच्यात एकाएकी फार मोठी घट होण्याचे कारण नव्हते. जपानमधील अनुभव याच्या उलट साक्ष देतो. होंजो यांच्या क्योतो येथील प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ या दुसऱ्या लगामाचा शोध प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेले निवोलुमॅब हे औषध २०१४ मध्ये तिथे विक्रीस आले. आरंभी ते मेलानोमाच्या मोजक्या रुग्णांसाठी होते आणि त्या हिशेबाने किंमत चढी ठेवली गेली. नंतर फुप्फुसाच्या कर्करोगासाठीही त्याला मान्यता मिळाली, रुग्णसंख्या अनेकपट वाढली, तरी किंमत तीच राहिली. आरोग्य विम्याचा बोजा पाहून शासनाने फेब्रुवारी २०१७ पासून ती एकदम निम्म्यावर आणली. कंपनी बुडाली नाही आणि औषधही बाजारातून नाहीसे झाले नाही. मक्तेदारीची किंमत ही ग्राहकाच्या अगतिकतेवरून ठरते, खर्चावरून नव्हे, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य इथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते.

होंजो यांनी पुढे ओनो या जपानी औषध कंपनीशी स्वामित्वशुल्कावरून झगडा केला. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये मिटला. कंपनीने होंजो यांना ५०० कोटी येन आणि क्योतो विद्यापीठातील संशोधन निधीला २,३०० कोटी येन देण्याचे मान्य केले. तरुण संशोधकांच्या हाती मूलभूत कामासाठी पैसा यावा, हा आग्रह होंजो यांनी आरंभापासून धरला होता. ज्या विहिरीतून पाणी काढले तिच्या झऱ्याची काळजी वाहण्याची ही रीत अनुकरणीय आहे; मात्र ती न्यायालयाची पायरी चढल्यावर अमलात यावी, हे शोभादायक नाही.

याच्या शेजारी आणखी एक उदाहरण ठेवावे. इपिलिमुमॅब काय किंवा निवोलुमॅब काय, दोन्ही एकजिनसी प्रतिपिंडे आहेत. तशी प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची पद्धत केंब्रिज येथे सेझार मिलस्टीन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ मध्ये शोधली. त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नव्हते, आणि ती जगातल्या सर्व प्रयोगशाळांना खुली झाली. पुढे १९८० मध्ये अमेरिकेने कायदा करून सरकारी अनुदानातून निघालेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना घेऊ दिली आणि ती कंपन्यांना देण्याची वाट मोकळी केली. शोध कपाटात धूळ खात पडू नयेत हा त्यामागील हेतू योग्यच होता. त्याच कायद्यात, लोकहितासाठी आवश्यक तर शासनाने असे पेटंट दुसऱ्यालाही वापरू द्यावे, अशी तरतूद आहे. औषधाची किंमत अवाजवी आहे एवढ्या कारणासाठी ती तरतूद आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. हाती असलेला लगाम न ओढण्याचे हे उदाहरण जीवशास्त्रातील नसून राज्यकारभारातील आहे.

मुंबईचा धडा

हा सारा परदेशचा व्यवहार झाला. त्याचे आपल्याला काय, असे म्हणून चालणार नाही. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तंबाखूच्या पाठोपाठ आपल्या गावोगावी पोचलेला आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी टपऱ्यांवरचे व्यवहार पाहणाऱ्याला त्या बंदीचे बळ निराळे सांगावयास नको. प्रतिबंध हाच सर्वांत स्वस्त उपचार, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्याला आज रोग जडला आहे त्याला प्रतिबंधाचे प्रवचन ऐकवून भागत नाही. आणि मस्तक व मान यांच्या कर्करोगावरील ही नवी औषधे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत शंभरांपैकी केवळ एक ते तीन रुग्णांनाच परवडतात.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने या कोंडीतून वाट काढण्याचा जो प्रयत्न केला, त्याची दखल वैद्यकाइतकीच अर्थशास्त्रानेही घ्यावयास हवी. निवोलुमॅबची रूढ मात्रा दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. तेथील डॉक्टरांनी मस्तक व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. एका गटाला तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे आणि दुसऱ्याला त्यांच्याच जोडीला तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिले. कालावधीचा हिशेब केला तर ही मात्रा रूढ मात्रेच्या अठराव्या हिश्शाइतकी भरते. एक वर्षानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. अल्प मात्रा ही पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे यातून सिद्ध होत नाही. तशी तुलना या चाचणीत केलेलीच नव्हती. पण ज्या रुग्णाला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नाही, त्याच्यापुढील निवड ‘अल्प की पूर्ण’ अशी नसून ‘अल्प की काहीच नाही’ अशी असते. त्या निवडीचे उत्तर या आकड्यांनी दिले आहे.

आता प्रश्न असा, की ही चाचणी औषध विकणाऱ्याने का केली नाही? उत्तर उघड आहे. आपला माल अठराव्या हिश्शाने पुरतो काय, हे शोधण्यात कोणत्या विक्रेत्याला रस असणार? ज्या ज्ञानाने विक्री घटते, ते ज्ञान बाजार निर्माण करीत नाही. मूलभूत संशोधन जसे बाजाराच्या आरंभापलीकडे असते, तसेच काटकसरीचे संशोधन बाजाराच्या अखेरीपलीकडे असते. साखळीच्या या दोन्ही टोकांना सार्वजनिक पैशाखेरीज दुसरा वाली नाही. मधल्या दुव्यात खासगी भांडवलाचे स्थान निर्विवाद आहे. परंतु मधल्या दुव्याने संपूर्ण साखळीचे मोल वसूल करावे, हा न्याय नव्हे.

दुसरे उदाहरणही मुंबईचेच आहे. रुग्णाच्याच ‘टी’ पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्याचे नवे साधन देऊन पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाला. त्याची तेथील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि त्या संस्थेतूनच उभी राहिलेली एक कंपनी यांनी मिळून सिद्ध केलेल्या अशाच उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली. परदेशी किमतीच्या सुमारे दहाव्या हिश्शात तो उपलब्ध झाला आहे. तरीही तो कित्येक लाखांच्या घरात जातो. प्राथमिक शिक्षकाने किंवा कारकुनाने आयुष्यभराची पुंजी मोडली तरी पुरणार नाही. दहावा हिस्सा हा प्रगतीचा टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

हे यश अकस्मात आलेले नाही, हेही नोंदवावयास हवे. परळला १९४१ मध्ये रुग्णालय सुरू झाले. १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे काम केले. त्या काळी या खर्चातून उद्या कोणते औषध निघेल, असे त्यांना कोणी विचारले असते, तर त्यांच्यापाशी उत्तर नसते. परंतु आजच्या प्रयोगशाळा त्या परंपरेच्या खांद्यावर उभ्या आहेत.

काय करावयास हवे

या साऱ्यातून धोरणाच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संशोधनावरील खर्चाची. भारताचा हा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. त्यातही ‘उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर अर्जाच्या पहिल्याच पानावर मागण्याची आपली सवय आहे. ॲलिसन यांना १९७७ मध्ये हा प्रश्न विचारून अनुदान नाकारले असते, तर कोणाचेच काही अडले नसते. पंचवीस वर्षांनंतर काय अडले, हे कोणाच्या लक्षातही आले नसते. मूलभूत संशोधनावरील काटकसरीचा खरा धोका हाच, की तिचा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही. म्हणून अनुदान थोडे असले तरी ते दीर्घ मुदतीचे आणि वेळेवर मिळणारे हवे. अनुदानाचा हप्ता येईपर्यंत शिष्यवृत्तीशिवाय दिवस काढणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याकडून वीस वर्षांच्या धीराची अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय.

दुसरी गोष्ट अटींची. सार्वजनिक संस्थेतील शोध कंपनीकडे सोपविताना, किमतीवर वाजवी मर्यादा, सरकारी रुग्णालयांना सवलतीचा पुरवठा आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा पुन्हा संशोधनाकडे, या अटी करारातच लिहिल्या पाहिजेत. औषध बाजारात आल्यावर दयेची याचना करण्यापेक्षा सही करण्यापूर्वी हक्क सांगणे केव्हाही सोपे. याउपरही मक्तेदारी आड आली तर कायदा हाती आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयाने यकृत व मूत्रपिंड यांच्या कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडणारे ते औषध सुमारे ८,८०० रुपयांत मिळावे, असा तो निर्णय होता. असा परवाना वारंवार द्यावा असे नाही. पण तो देता येतो, ही जाणीवच वाटाघाटीत पारडे बरोबरीला आणते.

तिसरी गोष्ट काटकसरीच्या संशोधनाची. कमी मात्रा, कमी काळ, स्वस्त जोड, याबाबतच्या चाचण्या करणे हे सरकारी रुग्णालयांचे नियमित कार्य मानून त्यासाठी वेगळी तरतूद केली पाहिजे. एका चाचणीने निघालेले उत्तर देशातील हजारो रुग्णांच्या कामी येते, आणि तिचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या कडेलाही पोचत नाही.

प्रतिकारशक्ती हवी तेव्हा चवताळते आणि नको तेव्हा आवरली जाते, म्हणून शरीर टिकते. टाच आणि लगाम या दोहोंची तिथे गरज आहे. ज्ञानाच्या व्यवहारालाही तोच नियम लागू आहे. कुतूहलाला टाच मारावयास समाजाने आपली तिजोरी उघडावी, आणि नफ्याच्या आवेगाला लगाम घालण्याचे आपले कर्तव्य शासनाने ओळखावे. यांतील एक असून दुसरे नसेल, तर शोध लागतील, पारितोषिके मिळतील, आणि गावाकडून आलेला रुग्ण रुग्णालयाच्या खिडकीवर किंमत ऐकून परत फिरेल. तो परत फिरू नये, एवढीच या विज्ञानाची खरी कसोटी आहे.